नादाची वाट



हिवाळ्यांतल्या पहांटे वारा पडलेला असला म्हणजे कोसभर अंतरावरच्या गांवची घंटा आपल्या अंगणांत स्पष्ट ऐकूं येते; तीच घंटा वैशाखांतल्या दुपारीं निम्म्या वाटेवरहि नीट ऐकूं येत नाहीं. विहिरींत बुडी मारलेल्या मुलाला कांठावरून आईनें कितीहि हांका मारिल्या तरी त्या त्याच्या कानीं पडत नाहींत. परंतु त्याच पाण्यांत दुसऱ्या मुलानें दोन दगड एकमेकांवर आपटले तर तो आवाज जणूं कानाशींच झाला असें त्याला वाटतें. हे अनुभव आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. पण परिचयाची गोष्ट समजलेली असतेच असें नाहीं. नाद एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं कसा जातो, आणि हवा, पाणी, लोखंड व हाड ह्यांतून जातांना त्याची चाल कशी बदलते, ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे.

हा विषय आम्हीं केवळ कुतूहलासाठीं निवडलेला नाहीं. सुमारें वीस वर्षांपूर्वीं आम्ही नुकतेच सेमिनरींतून बाहेर पडून एका खेड्यांतील मंडळींत काम करीत असतां तेथील शब्बाथ शाळेंत आठ वर्षांचा एक मुलगा येत असे. तो नेहमीं मागें बसे. नांव घेऊन विचारलें तरी पुष्कळदां उत्तर देत नसे. विचारलें एक तर सांगे भलतेंच. गायनाच्या वेळीं मात्र तो उठून पुढें येई आणि बाजाच्या पेटीला हनुवटी टेंकून उभा राही. आम्हीं त्याला दोनतीनदां ओढून मागें बसविलें, चारचौघांत त्याला रागें भरलों, आणि "मुलगा हट्टी व मंद आहे," असें त्याच्या आजीला सांगितलें. वाचकहो, तो हट्टीहि नव्हता आणि मंदहि नव्हता. तो पेटीला हनुवटी कां टेंकी, हें कळण्यास जें ज्ञान लागतें तें आम्ही शाळेंत शिकलों होतों. पण पुस्तकांतलें ज्ञान आणि समोरचा मुलगा ह्यांची गांठ आमच्या मनांत पडली नव्हती. ती गांठ आपल्या मनांत वेळेवर पडावी, म्हणून हा पाठ.

१. नाद म्हणजे काय?

पितळेचें ताट अधांतरीं धरून त्यावर टोला मारा आणि लगेच बोटाचें टोंक त्याच्या कडेला हळूंच लावा. बोटाला मुंग्या आल्यासारखें वाटतें. घट्ट धरलें तर ताट थरथरावयाचें थांबतें आणि आवाजहि थांबतो. ह्यावरून दिसून येतें कीं, नादाचें मूळ कंपांत आहे. ताट थरथरतें तेव्हां तें भोंवतालच्या हवेला क्षणांत ढकलतें आणि क्षणांत मोकळी सोडतें. ढकललेली हवा पुढच्या हवेला दाबते, ती तिच्या पुढच्या हवेला, आणि असा हा दाब लाटेप्रमाणें चोहोंकडे पसरत जातो.

येथें एक चूक पुष्कळांची होते. त्यांना वाटतें कीं, ताटाजवळची हवा उडून आपल्या कानापर्यंत येते. तसें नाहीं. जत्रेंत लोक दाटीनें रांगेंत उभे असतां मागच्यानें धक्का दिला, तर तो धक्का रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोंहोंचतो. पण धक्का देणारा आपल्या जागींच असतो. प्रत्येकजण किंचित् पुढें झुकतो आणि पुन्हां मागें येतो. प्रवास करतो तो केवळ धक्का. हवेचे कण ह्याच रीतीनें जागच्या जागीं पुढेंमागें हालतात, आणि नाद पुढें जातो.

रांगेंत माणसेंच नसतील तर धक्का जाईल कसा? रॉबर्ट बॉइल ह्या इंग्रज शास्त्रज्ञानें कांचेच्या भांड्यांत टिकटिक करणारें घड्याळ टांगून पंपानें आंतली हवा काढून घेतली. हवा जसजशी कमी झाली तसतशी टिकटिक मंद होत गेली, आणि शेवटीं ती ऐकूं येईनाशी झाली. हवा आंत सोडतांच ती पुन्हां ऐकूं येऊं लागली. हा प्रयोग त्यानें १६६० सालीं प्रसिद्ध केला. प्रकाशाला पोकळी चालते, नादाला चालत नाहीं. नादाला कांहीं तरी वाहन लागतेंच, मग तें हवेचें असो, पाण्याचें असो वा लोखंडाचें असो.

२. हवेंतील चाल

हवेंत नाद किती वेगानें चालतो? हवा गोठणबिंदूइतकी थंड, म्हणजे ० अंशांवर, असली तर तो सेकंदास सुमारें ३३१ मीटर जातो. उष्णता एक अंश वाढली कीं वेग सुमारें ०·६ मीटरनें वाढतो. आपल्याकडील ३० अंशांच्या दिवशीं तो जवळजवळ ३४९ मीटर होतो. सर आयझॅक न्यूटननें १६८७ सालच्या आपल्या ग्रंथांत हा वेग गणितानें काढण्याचा यत्न केला. परंतु त्याचें उत्तर प्रत्यक्षापेक्षां बरेंच कमी आलें. चूक कोठें होती, तें फ्रेंच गणिती लाप्लास ह्यानें १८१६ सालीं दाखविलें. हवा एकाएकी दाबली म्हणजे ती तापते, आणि तापलेली हवा अधिक जोरानें परत उसळते, ही गोष्ट न्यूटनच्या हिशेबांत धरली गेली नव्हती. सायकलच्या चाकांत हवा भरतांना पंपाचें तोंड ऊन होतें, तें पुष्कळ अंशीं ह्याच कारणानें.

ह्या वेगाचा उपयोग शेतांत काम करणाऱ्या प्रत्येकास आहे. वीज चमकल्याबरोबर दिसते, कारण प्रकाशाला यावयास वेळ लागत नाहीं म्हटलें तरी चालेल. गडगडाट मात्र तीन सेकंदांस एक किलोमीटर ह्या चालीनें येतो. वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तीनानें भागलें कीं विजेचें अंतर किलोमीटरांत निघतें. तीस सेकंदांच्या आंत गडगडाट ऐकूं आला, तर वीज दहा किलोमीटरांच्या आंत आहे; अशा वेळीं झाडाखालीं न थांबतां पक्क्या घराचा आसरा घ्यावा, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास लोटेपर्यंत शेतांत परत जाऊं नये. मोजण्याची संधि न मिळतां पहिलीच वीज जवळ पडूं शकते, म्हणून आभाळ गरजूं लागतांच निघणें हें सर्वांत शहाणपणाचें.

आतां पहांटेच्या घंटेचें कोडें सोडवूं. बैलगाडीचें एक चाक चिखलांत मंद झालें आणि दुसरें कोरड्या जमिनीवर चालत राहिलें, तर गाडी कोणीकडे वळते? मंद चाकाच्या बाजूस. नादाची लाटहि तशीच वळते. उन्हाळ्याच्या दुपारीं जमिनीलगतची हवा तापलेली व वरची हवा त्यामानानें थंड असते; म्हणून लाटेचा खालचा भाग वेगानें व वरचा हळूं चालतो, लाट वर वळते आणि घंटेचा आवाज आपल्या डोक्यावरून निघून जातो. हिवाळ्यांतल्या शांत रात्रीं जमीन निवते आणि तिच्या लगतची हवा वरच्या हवेपेक्षां थंड होते. मग लाट खालीं वळते, आणि दूरच्या गांवचा आवाज आपल्या अंगणांत उतरतो.

३. पाणी आणि लोखंड

स्वित्झर्लंडांतील जिनिव्हाच्या सरोवरांत कोलाडोन व स्टुर्म ह्या दोघांनीं १८२६ सालीं रात्रीच्या वेळीं एक प्रयोग केला. एका नावेखालीं पाण्यांत घंटा टांगली होती. तिच्यावर टोला पडतांच नावेवर बंदुकीची दारू पेट घेई, अशी योजना होती. तेरा किलोमीटरांहून अधिक अंतरावर दुसऱ्या नावेंतून एक लांब नळी पाण्यांत सोडून निरीक्षक कान लावून बसला. उजेड दिसल्यापासून घंटा ऐकूं येईपर्यंतचा वेळ त्यानें मोजला. सरोवराचें पाणी ८ अंशांचें होतें, आणि वेग निघाला सेकंदास १४३५ मीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक.

लोखंडाचा प्रयोग त्यापूर्वींच, १८०८ सालीं, पॅरिस शहरीं झाला होता. तेथें पाण्यासाठीं नवे बिडाचे नळ टाकण्यांत येत होते. ९५१ मीटर लांबीच्या नळाच्या एका टोंकास टोला मारला असतां बियो ह्या शास्त्रज्ञास दुसऱ्या टोंकास एकच टोला दोनदां ऐकूं आला. पहिला धातूंतून आला. दुसरा नळांतल्या हवेंतून, सुमारें अडीच सेकंद मागाहून. धातूंत नादाची चाल हवेच्या दहा पटींहून अधिक आहे असें त्यानें ठरविलें.

पुष्कळजण म्हणतात कीं, पदार्थ जितका जड तितका नाद जलद. हें खरें नाहीं. शिसें लोखंडाहूनहि जड आहे. पण पोलादाच्या कांबींत नाद सेकंदास सुमारें ५००० मीटर जातो, तर शिशाच्या कांबींत सुमारें १२०० मीटरच. जडपणा नादाला रोखतो. त्याला पळवितो तो पदार्थाचा ताठपणा, म्हणजे दाबल्यावर तात्काळ पूर्ववत् होण्याचा जोर. पोलाद जड आहे खरें, पण त्याचा ताठपणा त्याहून फार मोठा आहे. शिसें जड असून मऊ आहे.

मुलांस हें दाखवावयाचें असेल तर एक सोपा प्रयोग आहे. हातभर दोऱ्याच्या मध्यावर धातूचा मोठा चमचा बांधा, दोऱ्याचीं दोन टोंकें दोन्ही हातांच्या तर्जनींना गुंडाळा, आणि त्या तर्जनी कानांच्या भोंकांवर हलकेच दाबून धरून चमचा बाकाच्या कडेवर आपटूं द्या. शेजाऱ्याला केवळ टण् असा आवाज येतो. ज्याच्या कानाशीं दोरा आहे त्याला मोठ्या घंटेचा घोर नाद ऐकूं येतो. चमच्याचा कंप हवेंत पसरून क्षीण न होतां दोऱ्यावरून व बोटांवरून थेट आंत जातो. लेनेक ह्या फ्रेंच वैद्यानें १८१६ सालीं कागदाची गुंडाळी करून रोग्याच्या छातीस लाविली व दुसऱ्या टोंकास कान दिला. डॉक्टरांच्या गळ्यांतली नळी त्या गुंडाळीचीच वंशज होय. मात्र रेल्वेच्या रुळाला कान लावण्याचा प्रयोग कोणीं मुलांस सुचवूंहि नये. त्यांत प्राणाची भीति आहे.

४. दोन पदार्थांच्या शिवेवर

पाण्यांत नाद इतका उत्तम चालतो, तर बुडी मारलेल्या मुलाला आईची हांक कां ऐकूं येत नाहीं? कारण ती हांक पाण्यांत शिरतच नाहीं. हवा हलकी व मऊ. पाणी जड व ताठ. हवेची लाट पाण्यावर सरळ येऊन आदळली तर तिच्या बळाचा हजारावा हिस्सा, फार तर त्याहून किंचित् अधिक, आंत जातो. बाकीचा सर्व परत फिरतो. दोन दगड मात्र पाण्यांतच आपटले असतात. त्यांच्या आवाजाला ही शीव ओलांडावी लागत नाहीं. एका पदार्थांतून दुसऱ्यांत जातांना त्या दोहोंचे स्वभाव जितके भिन्न, तितका नाद अधिक परततो, हा नियम ध्यानांत ठेवावा. पुढें तोच आपल्या कामास येणार आहे.

परतलेला नाद म्हणजे प्रतिध्वनि. मूळ आवाजानंतर सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यानें तो आला तरच आपणांस वेगळा ऐकूं येतो, म्हणून समोरचा कडा अथवा भिंत निदान १७ मीटर दूर असावी लागते. विजापूरचा गोलघुमट ह्याविषयीं प्रसिद्ध आहे. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमारास पुरी झाली. तिच्या घुमटाच्या आंतल्या सज्ज्यांत भिंतीशीं तोंड नेऊन पुटपुटलेला शब्द समोरच्या बाजूस, सुमारें ३८ मीटरांवर, कान देऊन बसलेल्यास ऐकूं येतो, आणि एक टाळी पुनःपुन्हां घुमते. वांकड्या भिंतीच्या कडेकडेनें नाद सरकत जातो, त्यामुळें तो फारसा विखुरत नाहीं.

परंतु जें घुमटास शोभतें तें उपासनामंदिरास सोसत नाहीं. सिमेंटच्या भिंती, फरशी व पत्र्याचें छप्पर असलेल्या रिकाम्या इमारतींत मागच्या शब्दाचा घुमारा पुढच्या शब्दावर चढतो, आणि वाचणाऱ्याचा आवाज मोठा असूनहि अर्थ हरवतो. अमेरिकेंत हार्वर्ड येथील अशाच एका निरुपयोगी झालेल्या व्याख्यानगृहाचा दोष शोधण्याचें काम १८९५ सालीं वॉलेस सबाइन ह्या तरुण शिक्षकाकडे आलें. त्यानें रात्रीच्या शांत वेळीं दुसऱ्या सभागृहांतील गाद्या आणून मांडल्या, आणि किती गाद्यांनीं घुमारा किती कमी होतो तें मोजलें. मऊ व सच्छिद्र वस्तु नाद गिळून टाकतात. माणसें व त्यांचे कपडेहि गिळतात. म्हणून भरलेल्या मंदिरांत वाचन जितकें स्पष्ट लागतें तितकें रिकाम्यांत लागत नाहीं. आमच्या उपदेशक बंधूंस आमची सूचना ही कीं, अशा जागीं आवाज चढवूं नये; तेणेंकरून घुमाराहि चढतो. सावकाश बोलावें, वाक्याच्या शेवटीं थांबावें, आणि जमल्यास मागच्या भिंतीवर जाड कापड अथवा सतरंजी टांगावी.

५. कान आणि हाड

आतां आपण त्या मुलाकडे येऊं. आपल्या कानाच्या अगदीं आंतल्या भागांत, जेथें कंपाचें ज्ञानतंतूंच्या संदेशांत रूपांतर होतें, तेथें हवा नाहीं. शंखाच्या आकाराच्या नळींत पातळ द्रव आहे. म्हणजे प्रत्येक मनुष्याच्या कानांत तीच अडचण आहे, जी विहिरीच्या कांठावर होती: हवेंतली हांक पाण्यांत शिरावी कशी? त्यासाठीं मध्यें एक योजना केलेली आहे. बाहेरच्या नळीच्या शेवटीं कानाचा पडदा आहे. त्याच्या पाठीमागें हवेनें भरलेल्या लहानशा खोलींत हातोडा, ऐरण व रिकीब ह्या नांवांचीं तीन इवलीं हाडें एकमेकांस जोडलेलीं आहेत. पडदा मोठा, आणि रिकिबीचा तळ ज्या खिडकीवर टेंकतो ती त्याच्या सुमारें सतराव्या हिश्श्याएवढी. मोठ्या पडद्यावरचें बळ लहान जागीं एकवटतें, त्यांत हाडांच्या तरफेची भर पडते, आणि दाब वीस पटींहून अधिक होतो. ह्या बळानें हवेंतला नाद द्रवांत शिरतो.

ही खोली बिघडली तर? मुलांस सर्दीपडसें वारंवार झालें म्हणजे तिच्यांत पाणी सांचतें. कधीं पू होतो, पडदा फाटतो आणि कान वाहूं लागतो. मग आंतला शंख निर्दोष असूनहि हवेंतली हांक त्याच्यापर्यंत पुरती पोंहोंचत नाहीं. मूल अगदीं बहिरें होत नाहीं. मोठ्यानें बोललेलें त्याला ऐकूं येतें, हळूं बोललेलें येत नाहीं. म्हणूनच आपणांस वाटतें कीं, "ह्याला हवें तेव्हां ऐकूं येतें!"

पण शंखाकडे जाणारी दुसरीहि एक वाट आहे. तो शंख कवटीच्या हाडांतच बसविलेला आहे. कांपणारी वस्तु हनुवटीला, दांतांना अथवा कानामागच्या हाडाला टेंकली, तर कंप हाडांतून थेट आंत जातो. पडदा व तीन हाडें ह्यांची त्याला गरज पडत नाहीं. त्या मुलानें ही वाट आपली आपणच शोधून काढिली होती. पेटीचें लांकूड गाण्याबरोबर कांपत असे, आणि हनुवटीवाटे तें गाणें त्याला ऐकूं येई. आठवड्यांतून एकदां त्याला पोटभर ऐकावयास मिळे. आणि आम्ही त्याला खोडकर म्हणून तेथून ओढून काढीत असूं.

पुढें तालुक्याच्या गांवाहून एक डॉक्टरीणबाई आल्या असतां त्यांनीं पोलादाचा दुशाखी चिमटा ठोकून त्याच्या कानासमोर धरिला. मुलगा गप्प राहिला. मग त्याची दांडी कानामागच्या हाडावर टेंकविली. त्याबरोबर त्यानें एकदम डोळे वर केले व तो हंसला. दोन्ही कान कित्येक महिने वाहत होते, हें आजीस ठाऊक होतें; "लहानपणीं कान फुटायचेच," असें समजून तिनें तें सांगितलें नव्हतें, आणि आम्हीं विचारलें नव्हतें. औषधोपचार झाले, पुढें एका कानाच्या पडद्यावर शस्त्रक्रियाहि झाली, आणि त्याचें ऐकणें पुष्कळ सुधारलें. तो शाळेंत पुढच्या बाकावर बसूं लागला. आम्हीं त्याची क्षमा मागितली. तो लाजून पळाला. त्याच्या मनांत कांहीं राहिलें नसेल. आमच्या मनांत तें अजून आहे.

६. आपण काय करावें?

आपल्या वर्गांत जो मुलगा अथवा मुलगी हांकेला उत्तर देत नाहीं, वारंवार "काय?" म्हणून विचारते, बोलणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून पाहते, शब्द अर्धवट उच्चारते, किंवा ज्याचा कान वाहतो, त्याला मंद म्हणण्यापूर्वीं त्याच्या कानाची तपासणी करवावी. पाठीमागें उभें राहून हळूं आवाजांत नांव घ्यावें आणि तें वळतें कीं काय तें पाहावें. मात्र ही परीक्षा केवळ संशय घेण्यापुरती समजावी, निर्णय डॉक्टरांचा. कानांत ऊन तेल, पाल्याचा रस ओतूं नये. काडी, पीन घालूं नये. वाहणाऱ्या कानांत पाणी जाऊं देऊं नये. सरकारी दवाखान्यांत दाखविण्यास विलंब करूं नये, कारण बोलणें शिकण्याचें वय ऐकण्यावांचून गेलें तर तें भरून काढणें फार कठीण असतें. बहिरेपण आंतल्या शंखाचें असलें तरीहि आज श्रवणयंत्रें व शस्त्रक्रिया ह्यांचा उपाय आहे. मुंबईस वांद्रें येथें १९८३ सालीं स्थापन झालेली अली यावर जंग ह्यांच्या नांवाची राष्ट्रीय संस्था ह्याच कामासाठीं आहे.

घंटा वाजविणें आपल्या हातीं आहे. ती प्रत्येकाच्या कानीं पोंहोंचली कीं नाहीं, हें पाहणेंहि आपल्याच हातीं आहे.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. नाद पुढें जातो तेव्हां हवेचे कण कोठें जातात?
२. वीज दिसल्यावर १२ सेकंदांनीं गडगडाट ऐकूं आला. वीज किती दूर? आपण काय करावें?
३. शिसें लोखंडाहून जड असून त्यांत नाद हळूं कां चालतो?
४. विहिरींतल्या मुलास कांठावरची हांक ऐकूं येत नाहीं, पण आपल्या कानांतल्या द्रवापर्यंत तीच हांक पोंहोंचते. हें कोणत्या योजनेनें?
५. आपल्या वर्गांत मागें बसणारीं मुलें कोणतीं? त्यांतील कोणाचा कान वाहतो, हें आपणांस ठाऊक आहे काय?